मांजरीच्या वाट्याची राख

सुंदरबाईला मांजर आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल की या बाईचा जीव पहिल्यापासूनच गुंतला होता, त्यात काय मोठं! तसं काही नव्हतं. जळगावच्या जुन्या गावातल्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मांजरीवर जीव होता तो लोटनआबांचा, म्हणजे सुंदरबाईच्या नवऱ्याचा. सुंदरबाईचा जीव होता तो स्वच्छ घासलेल्या भांड्यांवर, आणि मांजर त्या भांड्यांच्या आसपास फिरकली की तिचं डोकं फिरायचं.

लोटनआबा जिनिंग प्रेसमध्ये तोलाईला होते. रिटायर व्हायच्या वर्षी सरकीच्या ढिगात त्यांना मांजरीचं पिल्लू सापडलं. ते सदऱ्याच्या खिशात घालून घरी आणलं आणि नावही तिथलंच ठेवलं, सरकी. पिल्लू मोठं झालं, गॅलरीतून चिमणीवर झेपावलं आणि चिमणी राहिली बाजूला, हीच बया खाली दगडी पायरीवर पडली. मागचा पाय गेला. जीव वाचला, पण जिना उतरणं-चढणं कायमचं संपलं. आता जिना नाही म्हणजे अंगण नाही, आणि अंगण नाही म्हणजे तिनं शी-शू करायची कुठं? आबांपुढं हा प्रश्न आ वासून उभा राहिला.

सुंदरबाई म्हणाली, "सोडून या बाजारात."

आबा म्हणाले, "तुझा पाय मोडला असता तर तुला सोडून आलो असतो का?"

"माझी तुलना मांजरीशी करता? शाबास!" असं म्हणून सुंदरबाईनं दोन दिवस अबोला धरला, पण आबांनी काही मांजर सोडली नाही.

त्यांनी तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापला, कडा ठोकून बोथट केल्या आणि गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवला. त्यात घालायचं काय, हा प्रश्न मात्र सहजासहजी सुटला नाही. आधी गिरणा नदीची वाळू विकत आणली. ती वरच्या मजल्यावर चढवताना कंबर धरली, आणि ओली झाली की असा वास सुटायचा की खालचे भाडेकरू नाकाला पदर लावून वर यायचे. मग पिंजाऱ्याकडून कापसाचा कचरा आणला. तो सरकीच्या पंजांना असा चिकटला की बाईसाहेब पायात लोकरीचे मोजे घातल्यासारख्या घरभर फिरल्या. मग कोरडा भुसा घालून पाहिला. शेजारचा चांद लाकडाच्या वखारीत कामाला होता, त्याच्याकडून आबा दर महिन्याला भुशाचं पोतं विकत घ्यायचे, कारण घरचा स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर व्हायचा. आता शेगडीच्या पोटात जायचा भुसा मांजरीखाली जाऊ लागल्यावर महिना संपायच्या आत पोतं संपलं. सुंदरबाई कडाडली, "आम्ही काय कच्च्या भाकरी खायच्या?"

आणि तिथंच आबांना सुचलं. शेगडी विझल्यावर खाली जे उरतं, ती करडी राख आणि अर्धवट जळालेला काळा भुसा, ते सुंदरबाई भांडी घासायला थोडं ठेवून बाकीचं फेकूनच देत होती. आबांनी ते रात्रभर गार होऊ दिलं, पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळलं आणि डब्यात दोन बोटं जाडीचा थर दिला. जळका भुसा ओल पिऊन टाकायचा आणि राखेमुळं वास उठायचा नाही. रोज सकाळी वरचा थर खरवडून आबा खाली गुलमोहराच्या बुडाशी पुरायचे आणि नवी राख पसरायचे. सरकीनंही हुशारी दाखवली, काम झालं की राख ओढून असा छोटा डोंगर करायची की बघणाऱ्यानं म्हणावं, इथं काही घडलंच नाही. फुकटात सगळं झालं म्हणून आबा इतके खूश झाले की येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला चहाआधी तो डबा दाखवायचे. पाहुणे चहा प्यायचे की नाही देव जाणे.

शेजारच्या जुबेदाला, म्हणजे चांदच्या बायकोला, आबांची ही युक्ती फार आवडली होती. ती म्हणायची, "आबा, तुमची सरकी तर माणसांपेक्षा साफ आहे." सुंदरबाई आतून ओरडायची, "घेऊन जा तुझ्याकडं!"

मार्गशीर्षात एका सकाळी लोटनआबा राख चाळता चाळता भिंतीला टेकले ते टेकलेच. हाका मारून, पाणी शिंपडून काही झालं नाही. चांद रिक्षा घेऊन आला, पण उपयोग नव्हता. दुपारपर्यंत पाचोऱ्याहून आबांची मोठी बहीण ताईबाई आली, धुळ्याहून मुलगा पितांबर आणि सून बेबाबाई आली, भाऊबंद जमले, आणि संध्याकाळी आबांना घेऊन गेले.

तेव्हापासून सुंदरबाई बोलायची बंद झाली. रडतही नव्हती. भिंतीला पाठ लावून, आबांची उशी मांडीवर घेऊन बसायची. कुणी जेव म्हटलं तर दोन घास खायची, झोप म्हटलं तर आडवी व्हायची. बायका एकमेकींना खुणावायच्या, "हिला रडवा गं कुणीतरी, नाहीतर हिचं काही खरं नाही." ताईबाईनं गळ्यात पडून पाहिलं, बेबाबाईनं हात हातात घेऊन पाहिला. सुंदरबाई आपली समोरच्या भिंतीकडं बघत बसलेली. उशीच्या दुसऱ्या टोकाला सरकी येऊन बसायची, आणि आश्चर्य म्हणजे सुंदरबाई तिला हाकलत नव्हती.

ताईबाई घरात वडील. पितांबर मोटार गॅरेजचा मेकॅनिक असला, साहेबांच्या जीपगाड्या दुरुस्त करत असला, तरी आत्यासमोर त्याची काय बिशाद! ताईबाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "गंधमुक्ती व्हवापर्यंत या घरमा चूल पेटावनी नही. भाऊबंद डबा लयतीन." गंधमुक्ती म्हणजे आपलं तेरावं. तोवर घरात शेगडी पेटणार नव्हती, आणि भाऊबंद बिचारे खरंच डबे आणत होते. माणसांच्या पोटाची काळजी होती, ती अशी मिटली.

पण शेगडी पेटली नाही की राख कुठून येणार?

हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आबा असते तर त्यांना पहिल्यांदा आठवलं असतं. डब्यातली राख दोन दिवसांत संपली. सरकी डब्यात जायची, कोऱ्या पत्र्यावर नख्या ओढायची, खर्र खर्र आवाज व्हायचा आणि तशीच परत यायची. पाहुण्यांनी भरलेलं घर, कोपऱ्या-कोपऱ्यात वळकट्या. शेवटी तिनं एकदा कुणाच्या तरी चपलांपाशी उरकलं. ती चप्पल निघाली जीवरामनानांची, आबांच्या चुलतभावाची, आणि नानांनी घर डोक्यावर घेतलं.

पितांबर आधीच वैतागलेला. खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, आईला धुळ्याला न्यायचं होतं. त्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं, "मांजर काही धुळ्याला येणार नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. घरात गॅस, राख कुठून आणू? नळाला पाणी दिवसाआड, ते काय मांजरीचं धुवायला वापरू? वाळू विकत घेऊन रोज तीन जिने चढवू? दहावा झाला की तिला मार्केट यार्डात सोडून येतो. तिथं उंदीर भरपूर आहेत, उपाशी मरायची नाही."

लंगडी मांजर उंदीर कशी धरणार, हे सुंदरबाईच्या ओठांपर्यंत आलं. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हात मात्र सरकीच्या पाठीवर गेला आणि तिथंच राहिला. आपल्याला ही मांजर हवी आहे हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि फार उशिरा कळलं असंही वाटलं. आबांनी रोज हात लावलेली, आबांचा आवाज ओळखणारी, आबा कुठं गेले म्हणून दाराकडं बघणारी या घरात दुसरी होती कोण? पितांबर लेक होता, पण त्याचं घर धुळ्यात, त्याचे दिवस त्याच्या गॅरेजात गेलेले. मांजर गेली की आबांचं सगळंच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुबेदा आली. हातात झाकलेलं घमेलं. सुतकाच्या घरात शेजारीण काय घेऊन आली म्हणून बायका बघायला लागल्या. जुबेदा कुणाकडं न बघता थेट गॅलरीत गेली आणि घमेलं आबांच्या डब्यात रिकामं केलं. तिच्या शेगडीची राख होती ती, आबा चाळायचे तशीच चाळलेली. मग सुंदरबाईपाशी येऊन हळूच म्हणाली, "तुमच्याकडं शेगडी बंद आहे ना खाला. माझी चालू आहे. सरकीचं मी बघते."

सुंदरबाईनं तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले. घरात एवढी माणसं दुःखाला आली होती, आणि आबा राख चाळताना गेले, ती राख पुढं कोण चाळणार हे फक्त हिला सुचलं. असं माणूस भेटायला नशीब लागतं. सुंदरबाईनं त्या क्षणी मनातल्या मनात जुबेदाच्या सात पिढ्यांना दुवा दिला.

रोज सकाळी जुबेदा राख आणायची. आता गंमत बघा, घरात माणसं वीस आणि उष्टी भांडी डोंगराएवढी. डबे बाहेरून आले तरी ताट-वाट्या घरच्याच. बायकांना ती बारीक, स्वच्छ राख दिसली आणि सगळ्या मुठी भरभरून न्यायला लागल्या. भांडी लखलखली, पण मांजरीचा डबा संध्याकाळपर्यंत पुन्हा रिकामा. सुंदरबाई ते बघायची आणि बोलता येत नाही म्हणून मनातच तडफडायची.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तर कहरच झाला. त्यांच्यात रीत अशी की माणूस जिथं गेला तिथं राख पसरायची, शेजारी दिवा लावायचा, वर टोपली पालथी घालायची, आणि सकाळी टोपली उचलून बघायचं. राखेवर पक्ष्याचं पाऊल उमटलं तर जीव पक्ष्याच्या जन्माला गेला, गाईचा खूर दिसला तर गाईच्या. ताईबाईला त्यासाठी राख हवी होती. तिनं गॅलरीत जाऊन जुबेदानं नुकतीच आणून ठेवलेली राख चिमटीत घेतली आणि तिचा चेहरा उजळला. "कितली बारीक शे वं! जशी काही पीठच!"

आणि घमेल्यासकट सगळी उचलून आत घेऊन गेली.

ज्या भिंतीला टेकून आबा गेले तिथं ताईबाईनं ती राख पसरली. दोन बोटं जाड, हातानं सपाट केलेली, अगदी आबा करायचे तशी. वर बांबूची हलकी टोपली ठेवली. मांजर आत यायला नको म्हणून तिला गॅलरीत घालून दार लावलं. कडाक्याची थंडी होती. पहाटे कुणीतरी चूळ भरायला म्हणून गॅलरीचं दार उघडलं आणि परत लावायला विसरलं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे म्हणाले, मी नाही.

सकाळी सगळे गोळा झाले. पितांबर मुंडणाला बसायच्या तयारीत होता. जीवरामनाना पुढं, बायका मागं. आबांचा जीव कुठल्या जन्माला गेला ते बघायला सगळ्यांचे श्वास रोखलेले. टोपली जरा कलंडलेली होती. ताईबाईनं हात जोडले, डोळे मिटले आणि टोपली उचलली.

राखेच्या मधोमध एक छोटा, नेटका डोंगर होता.

कुणाला काही कळेना. नाना वाकले. वास आला तसे मागं सरले. "शिव शिव शिव! हे काय?" आणि मग सगळ्यांना एकदमच कळलं. भिंतीपाशी, आबांच्या उशीवर, सरकी पंजे चाटत निवांत बसली होती. कित्येक दिवसांनी पोटभर सुटका झाल्याचं समाधान तिच्या तोंडावर अगदी स्पष्ट दिसत होतं.

घरात जो गलका उठला तो काय सांगावा! कुणी म्हणालं विधी भ्रष्ट झाला. कुणी म्हणालं अपशकुन. मागच्या बाजूला एका पोरीला हसू आवरेना, तिला तिच्या आईनं चिमटा काढला. नानांनी तर हुकूमच सोडला, "आत्ताच्या आत्ता बाहेर काढा ही पीडा!" पितांबरचं तोंड लाल झालं. बापाचं दहावं, आणि त्याची ही दशा! त्यानं रिकामं पोतं उचललं. "दहावा उरकेपर्यंतही थांबत नाही मी आता," म्हणाला आणि सरकीकडं वळला.

तेव्हा सुंदरबाई उभी राहिली.

"तिले हात लावू नको, पितांबर!"

आवाज घोगरा, फाटका, पण असा मोठा की पितांबर जागच्या जागी थिजला. इतक्या दिवसांनी ती बोलली ती थेट माहेरच्या बोलीत, जी जळगावात राहून तिनं कधीच बाजूला ठेवली होती. "तुम्ही बठ्ठा जेवनात ना? तिले कोनी इचारं?"

आणि मग बांध फुटला. बोलत सुटली ती. म्हणाली, तुम्ही सगळे वेळेवर जेवलात, शेगडी बंद केलीत, बरं केलंत, रीत आहे. पण त्या मुक्या जिवाला रीत कोण सांगणार? आठवडाभर ती कोऱ्या पत्र्यावर नख्या ओढतेय. जुबेदा परक्याची लेक, ती रोज राख आणून घालतेय, आणि तुम्ही ती भांड्यांना नेलीत, आणि उरली ती ताईबाईंनी इथं आणून पसरली. ह्यांनी तिला काय शिकवलं होतं? सपाट पसरलेली राख दिसली की तिथंच जायचं. शिकवल्यासारखी वागली ती. तुमच्यापैकी कुणी वागलं? इथंच बसून राख चाळत होते हो ते. इथंच गेले. असं म्हणता म्हणता ती खाली बसली आणि पोटातून, मोठ्यानं, गळा काढून रडली. नवरा गेल्यापासूनचं सगळं रडं एकदम बाहेर आलं. जवळच्या बायकांचेही डोळे वाहायला लागले, अगदी चिमटा काढणाऱ्या आईचेसुद्धा.

सगळ्यांची नजर ताईबाईकडं लागली. सख्ख्या भावाचा विधी तिच्या हातचा मोडला होता. ती त्या राखेकडं बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोतं ठेव तठे, पितांबर. राख तिनीच व्हती. मीच उचली तठून. चूक मनी शे, तिनी नही."

"पण ताई, विधीचं काय?" नाना मध्ये बोलले.

"काय विधीचं? मना भाऊ माणूस व्हता, माणूसच व्हई. दुसरं काय व्हई?" असं म्हणून ताईबाईनं स्वतःच्या हातानं ती राख सुपलीत भरली आणि खाली गुलमोहरापाशी नेऊन पुरली. येताना जिन्यात ती हसत होती की रडत होती ते सांगणं अवघड. पण वर येऊन म्हणाली, "लोटन आता असता ना, तर हसी हसी गडबडा लोयना असता."

पितांबरनं पोतं ठेवलं. आत्यापुढं दुसरं काय करणार? पण तो पडला हिशेबी माणूस. थोडं शांत झाल्यावर म्हणाला, "बरं, यार्डात नाही सोडत. पण धुळ्याला नेऊन करू काय? आई, तूच सांग. राख कुठून आणायची? पोत्यानं भुसा घ्यायचा आणि तो नुसता मांजरीखाली घालायचा, हे मला परवडणार नाही."

बोलायला लागलेली सुंदरबाई पुन्हा गप्प झाली. मुलाचं खरं होतं. गॅसच्या घरात राख नसते. हातात आलेलं पुन्हा निसटतंय असं तिला वाटलं आणि तिनं सरकीला जवळ ओढलं.

दारात बेबाबाई उभी होती. पितांबरची बायको, सहा वर्षांत सासूसमोर चार वाक्यं सलग बोलली नसेल. ती म्हणाली, "ही शेगडीच नेऊ या की."

"कुठं?"

"धुळ्याला. आंघोळीचं पाणी आपण गॅसवर तापवतो. ते शेगडीवर तापवू, मागच्या गॅलरीत. धूर बाहेर जाईल. सिलिंडर संपला की तुम्ही नंबर लावून महिना महिना वाट बघता ना? तो आता दीडपट पुरेल. भुसा काय, गॅसपेक्षा स्वस्तच. आणि राख खाली उरेल ती मांजरीला. तिच्यासाठी वेगळं काही विकत आणायचंच नाही."

पितांबरनं मनात हिशेब केला. तो किती वेळ करत होता ते त्याच्या कपाळावर दिसत होतं. मग म्हणाला, "पाणी लवकर तापतं का तिच्यावर?"

"भुसा चांगला ठासून भरला तर तापतं," सुंदरबाई म्हणाली. "मी भरीन."

झालं! एवढ्यावर सगळं ठरलं. गंधमुक्ती नीट पार पडली आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एस.टी.त बिऱ्हाड चढलं. टपावर ट्रंक, गाद्या आणि शेगडी. आत बाकाखाली तेलाचा कापलेला डबा, आणि सुंदरबाईच्या मांडीवर झाकणाच्या टोपलीत सरकी. निघताना जुबेदानं कागदात बांधून प्रवासापुरती राख दिली. सुंदरबाईनं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत गं." जुबेदा म्हणाली, "राखेचे कसले उपकार खाला!" आणि मग दोघीही रडल्या. कंडक्टर शिट्टी फुंकून थकला. एरंडोल गेलं, पारोळा गेला, सरकीनं टोपलीत जे सूर लावले ते धुळ्याच्या स्टँडपर्यंत. पितांबर सबंध वाट खिडकीबाहेर तोंड करून बसला होता, जणू या बायकांना आपण ओळखतच नाही.

धुळ्यातल्या पहिल्या सकाळी सुंदरबाई लवकर उठली. मागच्या गॅलरीत शेगडीच्या मधोमध बाटली उभी करून तिनं भोवती भुसा ठासून भरला, बाटली अलगद फिरवून काढली आणि खालच्या भोकातून काडी लावली. पाणी खळखळून तापलं. पितांबर कढत पाण्यानं आंघोळ करून खूश होऊन कामावर गेला. दुसऱ्या सकाळी सुंदरबाईनं गार झालेली राख चाळली, डब्यात पसरली. ज्या कामाला ती आजवर नाक मुरडत आली ते तिच्या हातांना येत होतं, नुसतं बघून बघून आलेलं. सरकी लंगडत आली, राख हुंगली, आत चढली. सुंदरबाईला इतका आनंद झाला की तिनं बेबाला हाक मारली, "बेबा, अगं ये, बघ तरी! गेली! गेली डब्यात!"

बेबा आली, पण उंबऱ्यातच थांबली. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. सरकी डब्यातून उतरून तिच्या दिशेनं दोन पावलं आली तशी ती पटकन मागं सरकली.

सुंदरबाई बघतच राहिली. "अगं, तुला भीती वाटते मांजरीची?"

"लहानपणापासून," बेबा म्हणाली. "एकदा चावली होती. अजून जवळ आली की अंगावर काटा येतो."

"मग मेले, तू कशाला म्हणालीस, शेगडी नेऊ म्हणून? तू गप्प बसली असतीस तर ही आलीच नसती."

 बेबा सरकीकडं न बघता म्हणाली, "आई, आबा गेल्यावर आम्ही सगळ्यांनी तुम्हाला बोलतं करायचा किती प्रयत्न केला. तुम्ही ह्यांच्यासाठी बोलला नाहीत, माझ्यासाठी बोलला नाहीत. हिला पोत्यात घालायला निघाले तेव्हा बोललात. मला वाटलं, ही तिकडं राहिली तर तुम्ही इथं याल, पण बोलाल की नाही, काय सांगावं?"

सुंदरबाईच्या राखेनं भरलेल्या हातांना पुढं काय करावं सुचेना. मग तिनं ते तसेच पुढं केले आणि सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं. बेबाच्या गालांवर करडे पंजे उमटले.

"वाचवलंस गं मला," ती म्हणाली. "मायसारखं वाचवलंस."